पडद्याचा सांभाळ

शरयूच्या वर्षश्राद्धाला कंपनीची माणसं जेवायला आली, ती हातात मॉनिटर घेऊन.

खोका मोठा होता. दारातून आडवा करून आत घ्यावा लागला. शरयूच्या नवऱ्याला, मुकुंद नेरकरला वाटलं, असू दे, आठवण ठेवून आली आहेत. शरयूने ‘अनिमिष’मध्ये नऊ वर्षं नोकरी केली होती. अनिमिष ही नाशिकला अंबडच्या बाजूची गेमिंग मॉनिटर बनवणारी कंपनी. दिवसभर गेम खेळायचा आणि पडदा कुठे अडखळतो ते सांगायचं, हे शरयूचं काम. मुलगी जुई त्याच कंपनीत इंजिनिअर होती. मुलीने आईला तिथे चिकटवलं असं लोकांना वाटायचं. खरं उलटं होतं. आईनेच मुलीला नेलं होतं.

कंपनीचा मालक हर्षल दाभाडे पंक्तीत मांडी घालून बसला. चाळिशीचा माणूस, पँट आवळत होती, तरी तक्रार न करता जेवला. खीर मागून घेतली. मग पंक्ती उठायच्या आत म्हणाला, “काका, एक सांगायचंय. या वर्षीच्या आमच्या सगळ्या मॉनिटरमध्ये एक खास सेटिंग आहे. तिला नाव ठेवलंय ‘शरयू’. ताईंचे डोळे आमच्याकडे प्रमाण होते. आजही आमचा प्रत्येक पडदा ताईंच्या डोळ्यांनी बघतो.”

मुकुंदच्या बहिणीने डोळे पुसले.  मुकुंद आमटीचं भांडं घेऊन वाढत होता, तो तसाच उभा राहिला.

पण पंक्तीत टिपरे होता. टिपरे म्हणजे टेबल टेनिसच्या क्लबमधला जुना भिडू, मिश्र दुहेरीत शरयूचा जोडीदार. त्याच्या जिभेला हाड नाही हे सगळ्या क्लबला ठाऊक.

“म्हणजे पंचाईतच की हो,” टिपरे म्हणाला. “शेवटची दीड-दोन वर्षं वहिनींना टेबलावरचा चेंडू दिसत नव्हता. चेंडू येऊन गेला तरी बॅट हवेतच. मी शेजारी उभा असायचो, मला विचारा. ते डोळे घातलेत तुम्ही पडद्यात?”

दाभाडे हसला. “छे हो! आमच्याकडे तर ताई शेवटच्या आठवड्यापर्यंत एक नंबर. पंचविशीतली पोरं त्यांच्या जवळपास नव्हती.”

टिपरेने खांदे उडवले आणि वडा उचलला. त्याच्यासाठी विषय संपला. मुकुंदने मात्र जुईकडे पाहिलं. ती समोरच्या पंक्तीत बसली होती. तिने मान वर केली नाही. पानातल्या वड्याचे ती तुकडे करत राहिली. तुकड्यांचा चुरा झाला तरी थांबली नाही.

शरयूच्या डोक्यात गाठ होती. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूकडे जाताना जिथे एकत्र येतात, तिथे. कॅन्सरची नव्हे, साधी, सावकाश वाढणारी. डॉक्टर म्हणाले होते, सुपारीएवढी होती तेव्हा काढली असती तर बाई आठवड्यात घरी गेल्या असत्या. आता फार पसरली आहे. ऑपरेशन झालं आणि शरयू त्यातून उठली नाही. तेव्हाच डॉक्टरांनी विचारलं होतं, “नसांवर दाब आला की सुरुवातीला दिसणं कमी होत नाही, समोरचं क्षणभर उशिरा दिसायला लागतं. त्यांना कधी तसं जाणवलं नाही?” मुकुंदने नाही म्हणून सांगितलं होतं.

पाहुणे गेले. ताटं धुवायला बाई आली होती, तिला मुकुंदने दुसऱ्या दिवशी ये म्हणून परत पाठवलं. मग स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

“बोल,” तो जुईला म्हणाला.

“काय बोलू?”

“टिपरे खोटं बोलत नाही आणि तुझा साहेबही खोटं बोलत नव्हता. टेबलावर चेंडू दिसत नाही आणि पडद्यावर एक नंबर. कसं?”

जुई ओट्याला टेकून उभी होती. “बाबा, आज नको.”

“आजच. वर्षभर बोलली नाहीस. आता बोल.”

इथे थोडं पडद्याचं सांगायला हवं. पूर्वीचे पडदे घड्याळासारखे चालायचे. सेकंदाला साठ वेळा चित्र बदलायचं म्हणजे बदलायचं. पण गेममधलं चित्र तयार करणारं कार्ड तसं चालत नाही. मोकळं मैदान असेल तर ते चित्र झटकन काढतं, धूर, आग, गर्दी असेल तर त्याला वेळ लागतो. मग पडद्याची वेळ होते तेव्हा चित्र अर्धंच तयार असतं. वरचा भाग नवा आणि खालचा जुना, असं मधोमध फाटलेलं चित्र दिसतं. त्यावर तोडगा निघाला तो असा, की पडद्याने घड्याळाकडे बघायचं सोडून कार्डाची वाट बघायची. चित्र तयार झालं की दाखवायचं, लवकर झालं तर लवकर, उशिरा झालं तर उशिरा. खेळ लोण्यासारखा चालायला लागला.

अनिमिषने त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. कार्डाची वाट बघता, तशी माणसाची का नाही? त्यांच्या मॉनिटरच्या वरच्या काठात एक बारीक कॅमेरा असे. समोर काही हललं की किती वेळाने खेळणाऱ्याचा डोळा तिकडे वळतो, ते तो मोजत असे. हा वेळ प्रत्येकाचा वेगळा. दमलेल्या माणसाचा जास्त, म्हाताऱ्याचा आणखी जास्त. गेमला पुढच्या क्षणी काय होणार ते आधीच माहीत असतं. मग पडदा संथ डोळ्याला ते किंचित आधी दाखवायचा आणि हाताची चाल किंचित उशिरा आली तरी चालवून घ्यायचा. हा फरक सेकंदाच्या काही हजाराव्या भागांचा. लॅबमध्ये त्याला ‘सांभाळ’ म्हणत. याला वीसचा सांभाळ लागतो, त्याला बाराचा. खेळणाऱ्याला यातलं काहीच कळायचं नाही. त्याला फक्त वाटायचं, आज हात चांगला चाललाय.

“आईचा सांभाळ वाढत होता,” जुई म्हणाली. “आत आकडा होता. पडदा तिला सांभाळून घेत होता.”

“आणि तुम्ही बघत होतात?”

“बघत नव्हतो. तेच तर.” तिने ओढणीचं टोक मुठीत आवळलं. “आई प्रमाण होती, बाबा. दर सोमवारी सकाळी ती पहिल्यांदा बसायची आणि तिच्या डोळ्यांवरून आम्ही कॅमेरे लावून घ्यायचो. तिचा आकडा चुकीचा आला की कॅमेरा बिघडला असं धरायचं. मी कॅमेरे बदलले. भिंगं बदलली. पुरवठादाराशी भांडले. बाकीच्या टेस्टरांचे आकडे तिच्याशी जुळेनात तर त्यांना परत परत बसवलं. वजनावरून तराजू तपासतात ना, तसं. वजनच झिजलंय असं कुणाच्या मनात येतं?”

“तुझ्या यायला हवं होतं. आई होती ती तुझी.”

“तुमचीही बायको होती. क्लबात तिचे चेंडू सुटत होते ते तुम्हाला दिसत नव्हते?”

मुकुंदचा हात उठला. तो त्याने ओट्यावर आपटला. पातेल्यांवरची झाकणं खणखणली.

दिसत होते. तोच तर क्लबचा प्रशिक्षक होता. पाय हलव, पाय हलव म्हणून त्याने तिला चार पोरांदेखत झापलं होतं. ती म्हणाली होती, अहो, हॉलचे दिवे बदलून घ्या. त्याने दिवे बदलून घेतले. मग ती म्हणाली, बॅटचं रबर गेलंय. रबर बदललं. एकदा त्यालाच शंका आली, म्हणाला, डोळे तपासून घेऊया का? तर ती हसली. “माझ्या डोळ्यांवर कंपनी चालते. तिथे माझ्या हातून एक सुटत नाही.” यावर तो काय बोलणार? दोघांनी पडद्यावर विश्वास ठेवला. टेबल खोटं बोलतंय असं धरलं.

“जा तू,” तो जुईला म्हणाला. “तुझ्या घरी जा.”

ती गेली. चप्पल घालताना तिचा तोल गेला, तरी त्याने हात पुढे केला नाही.

दुसऱ्या दिवशी तो अंबडला गेला. दाभाडेने त्याला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला.

“तिचं नाव काढा,” मुकुंद म्हणाला. “पहिलं ते.”

“काका, तुम्ही रागात आहात.”

“आहेच. दुसरं. तो जो आकडा आत असतो, सांभाळाचा, तो पडद्याच्या कोपऱ्यात दाखवा. वर्षापूर्वी किती होता, आज किती आहे. ज्याचं त्याला कळू दे.”

दाभाडेने मान हलवली. तो वाईट माणूस वाटत नव्हता, आणि याचाच मुकुंदला जास्त संताप आला. “असं बघा. आकडा दाखवला की आमचा मॉनिटर वैद्यकीय तपासणीचं यंत्र ठरतो. मग परवानग्या, चाचण्या, कोर्टकचेऱ्या. आणि पोरगा खेळायला बसला की त्याला कशाला सांगायचं, बाबा रे, तू मागच्या वर्षीपेक्षा मंद झालास? त्यासाठी का पैसे मोजतो तो? त्याला गुळगुळीत हवंय. आम्ही गुळगुळीत विकतो.”

“मरू दे मग त्याला?”

“काका, काहीही काय!” दाभाडेने आवाज खाली आणला. “आकडा वाढायला सतरा कारणं असतात. झोप नाही, चष्मा बदललाय, सर्दीची गोळी घेतलीय. लाखभर लोकांना उगीच घाबरवायचं? त्यातल्या निम्म्यांना काहीच झालेलं नसेल.”

“आणि उरलेल्या निम्म्यांचं काय?”

दाभाडेने बटण दाबून जुईला बोलावलं. ती आली, बापाकडे न बघता भिंतीशी उभी राहिली.

“जुई, काकांना जरा समजाव. पुढच्या वर्षी आपण हेच बसमध्ये देतोय. ड्रायव्हरच्या समोरच्या पडद्यांना, आरशांच्या जागी. किती मोठं काम आहे ते सांग.”

मुकुंद उठला. “बसमध्ये? तुमच्या गेमला पुढचं आधीच कळतं म्हणून तो चालवून घेतो. रस्त्यावर आडवं येणारं पोर आधी कळवून येतं का रे? रस्ता थांबतो का कुणासाठी?”

“तिथे वेगळी व्यवस्था असेल.”

“साहेब,” जुई भिंतीशी उभी राहूनच म्हणाली, “आकडा आत आहेच. नवीन काही बनवायचं नाही. बाहेर काढायचाय फक्त. आणि कॅमेरेही आता आईच्या डोळ्यांवरून नाही, मोजमापाच्या यंत्रावरून लावलेत. वर्षभराचा जुना हिशेब मी पुन्हा नीट लावून ठेवलाय. आकडे खरे आहेत.”

“विषय संपला, जुई.”

“माझी आई होती.”

“मला माहीत आहे. म्हणूनच तू या विषयावर नकोस.”

चहा आला. मुकुंदने तो तसाच ठेवला. बाहेर पडताना जुई मागून आली. ती लॅबकडे वळली, तो फाटकाकडे.

भेट आलेला मॉनिटर कोपऱ्यात पडून होता. मुकुंदने तो फोडायचं ठरवलं. खोका उघडला, पडदा टेबलावर ठेवला आणि मग त्याला वाटलं, फोडायच्या आधी बघू तरी शरयूला इथे काय दिसत होतं. तिचा कॉम्प्युटर होताच. त्यात टेबल टेनिसचा एक गेम होता. बॅटच्या आकाराचं रिमोट हातात धरून खेळायचं.

पहिले चार-पाच चेंडू त्याने घालवले. पडदा त्याला ओळखून घेत होता तेवढा वेळ. मग काहीतरी जुळलं. चेंडू मोठे झाल्यासारखे, सावकाश झाल्यासारखे यायला लागले. त्याचा बॅकहँड बसला. पुन्हा बसला. साठीचा माणूस पंचविशीत खेळायचा तसा खेळायला लागला. गुडघा दुखत होता, पण हात बरोबर जागेवर जात होता. सात गेम तो जिंकला. घामाने सदरा पाठीला चिकटला. त्याच्या तोंडून चक्क “च्यायला!” निघालं, आनंदाने.

आणि मग तो खुर्चीत बसला. इतका चांगला तो वीस वर्षांत खेळला नव्हता. हे रोज, आठ तास, नऊ वर्षं मिळत असेल तर माणूस कुणाचं ऐकेल? टिपरेचं? नवऱ्याचं? त्याला पडदा फोडावासा वाटेना, आणि फोडावासा वाटत नाही याचाच त्याला इतका राग आला की त्याने रिमोट भिंतीवर फेकून मारलं. प्लॅस्टिकचे दोन तुकडे झाले. पडद्यावर पुढची सर्व्हिस यायची वाट बघत चेंडू तरंगत राहिला.

जुई क्लबात आली ती शुक्रवारी दुपारी. मुकुंद टेबलाची जाळी ताणत होता. ती समोरच्या बाजूला उभी राहिली.

“तुमचं डोकं शांत झालंय का?”

“नाही.”

“बरं झालं. माझंही नाही.” तिने फोन टेबलावर ठेवला. “दर शुक्रवारी मॉनिटरना अपडेट जातो. त्यावर शेवटची सही माझी असते. आज मी आकडा बाहेर काढलाय. कोपऱ्यात दोन आकडे दिसतात, वर्षापूर्वीचा आणि आजचा. खाली एक ओळ, की फार वाढला असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. पाऊण तास झाला. लॉगिन बंद झालं माझं. दाभाडे साहेबांचा फोन येऊन गेला.”

“काय म्हणाला?”

“नोकरी गेली. केस करणार म्हणाले. संध्याकाळपर्यंत अपडेट मागे घेतील ते.”

मुकुंद जाळी सोडून तिच्याकडे बघत राहिला. तिचे डोळे सुजलेले होते. त्याला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. “आणि ज्याला घाबरून झोप नाही लागणार, त्याने कुणाला विचारायचं? डॉक्टरला काय सांगायचं त्याने, मॉनिटर म्हणतो म्हणून?”

“म्हणून नंबर दिलाय खाली.”

“कुणाचा?”

“माझा. आणि तुमचा.”

“मला विचारलंस?”

“नाही.”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

पहिल्या पाच-सहा जणांनी शिव्याच घातल्या. कोपऱ्यात हा काय कचरा आणलाय, माझी मॅच गेली, पैसे परत करा. मुकुंदने त्यांना दुप्पट शिव्या घातल्या. त्यात त्याला बरं वाटत होतं. जुई पलीकडे आपल्या फोनवर शांतपणे सांगत होती, “झोप कशी आहे? गोळ्या कसल्या चालू आहेत? दोन दिवसांनी परत बघा.” टिपरे आला, बॅट काखेत मारून ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, “नेरकर, हे काय कस्टमर केअर काढलंय का? असं बोललास तर धंदा बसेल तुझा.”

मग एका बाईचा फोन आला. बार्शीहून बोलत होती. आवाज दबलेला.

“आमच्या ह्यांच्या पडद्यावर आकडा आलाय. वर्षापूर्वी चौदा होता म्हणतोय, आज छप्पन्न. म्हणजे काय हो?”

मुकुंद उठून हॉलच्या कोपऱ्यात गेला. “नक्की छप्पन्न? चष्मा बदललाय? कसल्या गोळ्या?”

“काही नाही. अहो, हे मला ओरडतायत, कशाला फोन केलास म्हणून.”

“काय करतात ते?”

“बस चालवतात. आता पाचला ड्युटीय.”

“द्या त्यांना फोन.”

खडखड झाली. मग एक जाड आवाज आला. “कोण रे तू? बायकांना घाबरवतो का? मला चांगलं दिसतंय. आत्ता बघ, सलग अकरा मॅच जिंकलोय मी!”

“जिंकला असशील.”

“मग? वर्षभरात एक ओरखडा नाही गाडीला.”

“कुणी खोटं म्हणतंय का तुला? एवढा भारी आहेस ना, मग उठ. स्वयंपाकघरात लिंबू असेल. बायकोला दे, लांब उभी कर आणि तिला जोरात फेकायला सांग. एका हाताने झेल. झेललास तर मला आणखी शिव्या दे, मी ऐकून घेतो.”

“येडा आहेस का?”

“आहे. फेकायला सांग.”

पलीकडे काहीतरी पुटपुटणं झालं. खुर्ची सरकली. बाई म्हणाली, “जोरात फेकू?” तो म्हणाला, “फेक की, येतंय मला.” मुकुंदने फोन कानाला घट्ट दाबला. थप्प असा आवाज आला आणि काहीतरी फरशीवर गडगडत गेलं.

“उजेड नाही इथं,” तो माणूस म्हणाला.

“दिवा लाव.”

बटणाचा आवाज आला. मग पुन्हा थप्प, पुन्हा गडगड. तिसऱ्यांदा मुकुंदने न सांगताच त्या माणसाने फेकायला लावलं. या वेळी त्या बाईने हळू फेकलं असावं. आवाज लहान आला. पण जमिनीवरूनच आला.

 लांबून त्यांच्या गेममधला गोळीबार ऐकू येत होता.

“काका,” तो माणूस म्हणाला. आवाज पार बदलला होता. “पाचला गाडी काढायचीय मला.”

“काढायची नाही,” मुकुंद ओरडला. त्याचा आवाज अख्ख्या हॉलमध्ये घुमला, टिपरेने दचकून बॅट खाली ठेवली. “आधी डेपोत फोन कर, माझ्यादेखत कर. मग चप्पल घाल आणि डॉक्टरकडे चालत जा. मोटरसायकलवर नाही. बायकोचा हात धरून, चालत.”

“काय सांगू डेपोत?”

“सांग, लिंबू झेलता येत नाही म्हणून. हसले तर माझा नंबर दे.”